केमोच्या तोंडावर पुन्हा वाचलेला जनुक अहवाल

पत्र:

नमस्कार ताई, मी ३८ वर्षांची आहे. महिन्याभरापूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या आठवड्यात केमोथेरपी सुरू होतेय. ‘एसी’ म्हणून दोन औषधं देणार आहेत. आजारपणाच्या खूप आधी मी निव्वळ कुतूहल म्हणून घरबसल्या लाळेची जनुक चाचणी केली होती. तो अहवाल परवा पुन्हा उघडला आणि माझी झोप उडाली. त्यात लिहिलंय की माझ्या एचटीआर३बी या जनुकाच्या एका प्रतीत वाय१२९एस नावाचा बदल आहे. पुढे तीन वाक्यं आहेत: मळमळ आणि उलटीची प्रवृत्ती जास्त, उलटीविरोधी औषधांना प्रतिसाद कमी असण्याची शक्यता, चिंता व नैराश्याचा धोका वाढलेला. त्याखाली ‘सेरोटोनिन संतुलना’साठी ५-एचटीपीच्या गोळ्या सुचवल्या आहेत. गरोदरपणात मला पाच महिने उलट्यांनी हैराण केलं होतं. माझ्या आईला नैराश्याचा आजार आहे, अनेक वर्षं औषधं चालू आहेत. मुलगी चौदा वर्षांची आहे आणि हल्ली लगेच रडू येतं तिला. औषधं लागूच पडणार नसतील तर केमो पुढे ढकलू का? हे आईकडून माझ्यात आलं आणि मी ते मुलीला दिलं का? तिचीही चाचणी करून घेऊ का? डॉक्टरांना अहवाल दाखवायचा संकोच वाटतो. त्यांना वाटेल, ही कुठलंतरी काहीबाही वाचून आली.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या एका प्रश्नाला तारीख जोडलेली आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. या अहवालापायी केमो पुढे ढकलू नका. शस्त्रक्रियेनंतरची केमो ठरलेल्या मुदतीत सुरू होण्याला महत्त्व असतं, आणि या एका बदलामुळे उलटीवरची औषधं तुम्हाला चालणार नाहीत असं म्हणण्याइतका पुरावा नाही. दुसरं, त्या ५-एचटीपीच्या गोळ्या घेऊ नका. सुरू केल्या असतील तर डॉक्टरांना आजच सांगा. शरीरात ५-एचटीपीपासून सेरोटोनिन हे पेशींना संदेश देणारं रसायनच तयार होतं, आणि मळमळ हा त्या गोळ्यांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर त्या घेतल्या तर सेरोटोनिनचा परिणाम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो, म्हणून आईलाही त्या देऊ नका. मला या गोष्टीचा खरोखर राग येतो: माणसाला आधी घाबरवायचं आणि त्याच पानावर गोळी सुचवायची, आणि तीही नेमकी तुमच्या परिस्थितीत न चालणारी.

आता हे जनुक करतं काय, ते जरा सविस्तर सांगते. अहवालातल्या त्या तीन वाक्यांमध्ये खरं किती आणि ताणलेलं किती, हे त्याशिवाय कळायचं नाही.

सेरोटोनिन म्हटलं की लोकांना मेंदू आणि मूड आठवतो. प्रत्यक्षात शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, तिथल्या आतल्या आवरणातल्या एंटरोक्रोमाफिन नावाच्या पेशींत. व्हित्तोरिओ एर्स्पामेर या इटालियन वैज्ञानिकानं १९३०च्या दशकात ते पचनमार्गातल्या पेशींमध्येच शोधलं होतं. मॉरिस रॅपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये रक्तातून तेच रसायन वेगळं काढलं तेव्हा त्याला सेरोटोनिन हे नाव मिळालं, आणि मेंदूतही ते असतं हे १९५३ मध्ये बेट्टी ट्वारोग आणि अर्व्हाइन पेज यांनी दाखवलं. म्हणजे आतड्यातलं सेरोटोनिन आधी कळलं, मेंदूतलं नंतर. तुमच्या प्रश्नातही पोटाचा भाग मोठा आहे आणि मनाचा लहान.

सेरोटोनिन आलंय हे पेशीला कळतं ते रिसेप्टरमुळे. माणसात या रिसेप्टरांची सात कुळं आहेत. त्यांतली सहा पेशीच्या आत रसायनांची साखळी चालवून, थोड्या उशिरानं काम करतात. तिसरं कूळ, म्हणजे ५-एचटी३ (५-एचटी हे सेरोटोनिनचंच संक्षिप्त नाव), अगदी वेगळं आहे. पाच प्रथिनं पाकळ्यांसारखी गोलाकार जुळून पेशीच्या आवरणात बसतात आणि मधोमध एक वाट तयार होते. सेरोटोनिन बाहेरून येऊन दोन प्रथिनांच्या सांध्यात बसलं की ती वाट उघडते, सोडियम-पोटॅशियमसारखे विद्युतभारित कण त्यातून ये-जा करतात आणि चेतापेशी क्षणार्धात जागी होते. या पाच प्रथिनांपैकी प्रत्येकाला सबयूनिट म्हणतात. सबयूनिटचे पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं जनुक वेगळं. एचटीआर३ए आणि एचटीआर३बी ही ११व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. सी, डी आणि ई ही तिसऱ्या गुणसूत्रावर.

यांतलं ए सबयूनिटचं जनुक १९९१ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाच्या उंदराच्या पेशींवर काम करताना हाती लागलं. हेच ज्युलियस पुढे उष्णता जाणवणाऱ्या रिसेप्टरसाठी २०२१च्या नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी झाले. बी सबयूनिट १९९९ मध्ये सापडला. या दोघांमधला फरक तुमच्यासाठी कामाचा आहे. ए सबयूनिट एकटाच पाचही जागा भरून चालू रिसेप्टर बनवू शकतो. बीला ते जमत नाही. त्याला ए सोबत लागतोच. बी आत आला की एकेका रिसेप्टरमधून जाणारा प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो, म्हणजे तो रिसेप्टरच्या वागण्यात फरक करतो, पण रिसेप्टर उभा असतो तो एच्या आधारावर.

तुमच्या अहवालातला वाय१२९एस म्हणजे बी प्रथिनाच्या साखळीत १२९व्या जागी टायरोसिन या अमायनो आम्लाऐवजी सेरीन आलं आहे. एवढाच बदल. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये असा बदललेला बी घालून त्याचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की असा रिसेप्टर सेरोटोनिनला जास्त जोरात प्रतिसाद देतो आणि त्याची वाट मिटायला जास्त वेळ लागतो. म्हणजे अहवालातल्या पहिल्या वाक्याचं मूळ पूर्णपणे खोटं नाही. पण काचेच्या ताटलीतल्या पेशींपासून तुमच्या पोटापर्यंतचं अंतर फार मोठं आहे. हा बदल दुर्मिळही नाही. असंख्य धडधाकट माणसांत तो असतो आणि त्यांना तो असल्याचा पत्ताही नसतो. याला जनुकातला बिघाड म्हणत नाहीत. माणसामाणसांत आढळणाऱ्या सर्वसाधारण फरकांपैकी तो एक आहे.

केमोनं उलटी का होते, हे कळलं की औषधांचा प्रश्नही सुटतो. औषधाचा मारा झाल्यावर आतड्यातल्या त्या एंटरोक्रोमाफिन पेशी भराभर सेरोटोनिन सोडतात. शेजारीच व्हेगस या मोठ्या चेतेची टोकं असतात आणि त्यांच्यावर ५-एचटी३ रिसेप्टर असतात. तिथून संदेश थेट मेंदूच्या देठापाशी जातो आणि उलटीची क्रिया सुरू होते. पहिल्या २४ तासांतली उलटी मुख्यतः या मार्गानं येते. ऑन्डान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधं सेरोटोनिनची रिसेप्टरवरची जागा आधीच अडवून ठेवतात. ऑन्डान्सेट्रॉनला अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून केमोचं स्वरूपच पालटलं. त्याआधी उलट्या असह्य होऊन उपचार अर्धवट सोडणारे रुग्ण असत. केमोबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या भयंकर गोष्टी पुष्कळदा त्या काळातल्या असतात.

मग तुमच्या बदललेल्या बी सबयूनिटमुळे या औषधांची जागा हलते का? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसलं की ए आणि बी मिळून बनलेल्या रिसेप्टरवरही ही औषधं दोन ए सबयूनिटच्या सांध्यात बसतात. तुमचा बदल आहे बीमध्ये. ‘बीमध्ये बदल आहे म्हणून औषधाला प्रतिसाद कमी’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं हा तपशील लक्षात घेतलेला दिसत नाही.

मग हे वाक्य आलं कुठून? बहुधा २००३ मधल्या एका अभ्यासावरून. केमो घेणाऱ्या रुग्णांमध्ये एचटीआर३बीचा एक बदल ज्यांच्या दोन्ही प्रतींत होता, त्यांना औषधं देऊनही जास्त उलट्या झाल्या, असं त्यात आढळलं होतं. पण तो बदल वेगळाच आहे. जनुकाच्या सुरुवातीच्या, त्याचं काम कमी-जास्त करणाऱ्या भागात तीन अक्षरं गळालेली असतात, तो. तुमचा बदल प्रथिनाच्या आत आहे आणि एकाच प्रतीत आहे. शिवाय नंतरच्या अभ्यासांत एचटीआर३बीच्या बदलांचं औषधांशी असलेलं नातं सारखं उतरलं नाही; कुठे दिसलं, कुठे दिसलं नाही. एकाच जनुकातले दोन वेगळे बदल एकत्र करून छापील ताकीद द्यायची, हा प्रकार अशा अहवालांत फार होतो.

जनुकांवरून औषध निवडण्याबाबत क्लिनिकल फार्माकोजेनेटिक्स इम्प्लिमेंटेशन कन्सॉर्टियम हा तज्ज्ञांचा गट शिफारशी तयार करतो. ऑन्डान्सेट्रॉन आणि ट्रोपिसेट्रॉनबद्दलच्या त्यांच्या २०१७च्या शिफारशी एका वेगळ्याच जनुकावर बेतलेल्या आहेत, सीवायपी२डी६. हे यकृतातल्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक आहे. काही लोकांत त्याच्या जादा प्रती असतात, त्यामुळे ऑन्डान्सेट्रॉन शरीरातून फार लवकर निघून जातं आणि उलटी आवरत नाही. अशांना ग्रॅनिसेट्रॉनसारखं, त्या विकरावर फारसं अवलंबून नसलेलं औषध द्यावं, अशी ती शिफारस आहे. एचटीआर३बी पाहून औषध बदला, असं त्या शिफारशींत नाही. तुमच्या अहवालात सीवायपी२डी६चा उल्लेख असेल तर तो डॉक्टरांना जरूर दाखवा, मात्र घरगुती चाचण्यांना या जनुकाच्या जादा प्रती नीट मोजता येतातच असं नाही. तुमची गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असेल आणि पुढे टॅमॉक्सिफेन द्यायचं ठरलं, तर तेही याच विकरामुळे शरीरात कार्यक्षम रूपात येतं, म्हणून त्या वेळीही हा विषय काढायला हरकत नाही.

तुम्हाला मिळणारी एसी म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडी. उलटीच्या दृष्टीनं ती सर्वात तीव्र गटात मोडते, हे मी लपवत नाही. पण म्हणूनच तिच्यासोबत एकच औषध देऊन थांबत नाहीत. अशा केमोसाठी सध्या चार औषधं मिळून देण्याची शिफारस आहे: ऑन्डान्सेट्रॉनसारख्या सेट्रॉन गटातलं एक, ॲप्रेपिटंटसारखं एक, डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन. यांतलं पहिलंच तुमच्या अहवालातल्या रिसेप्टरला मुख्यतः लक्ष्य करतं. ॲप्रेपिटंट सब्स्टन्स पी नावाच्या रसायनाचा मार्ग रोखतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळणारी मळमळ बरीचशी त्या मार्गानं येते. डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन आणखी वेगळ्या वाटांनी काम करतात. तेव्हा एचटीआर३बीचा काही बारीक परिणाम असलाच, तरी तुमचा सगळा बचाव त्या एका सबयूनिटवर टांगलेला नाही.

तुमच्या पत्रातली डॉक्टरांच्या खऱ्या कामाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे: गरोदरपणातल्या पाच महिन्यांच्या उलट्या. केमोत उलटीचा त्रास कुणाला जास्त होईल याचे ओळखीचे संकेत आहेत: वय कमी असणं, स्त्री असणं, प्रवासात गाडी लागणं, गरोदरपणात खूप उलट्या झालेल्या असणं. तुमच्यात यांतले तीन तर आहेतच. हे संकेत रोजच्या वापरात पारखलेले आहेत आणि त्यांना लाळेची बाटली लागत नाही. हे डॉक्टरांना पहिल्या सायकलच्या, म्हणजे केमोच्या पहिल्या फेरीच्या, आधी कळलं तर ते सुरुवातीपासूनच पूर्ण चार औषधांची तयारी ठेवतील. आणि त्या उलट्यांचा दोष एचटीआर३बीला देऊ नका. गरोदरपणातल्या तीव्र उलट्यांच्या मागे जीडीएफ१५ नावाच्या संप्रेरकाचा मोठा वाटा असल्याचं २०१८ पासूनच्या जनुकीय अभ्यासांतून पुढे आलं आणि २०२३ मध्ये ते आणखी पक्कं झालं. त्या जनुकाचा सेरोटोनिनशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट थोड्या काळजीनंच लिहिते. ‘मला उलटी होणारच’ अशी अपेक्षा मनात पक्की असलेल्या रुग्णांना मळमळ जास्त होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. याचा अर्थ तुमचा त्रास मनाचा खेळ असेल, असा अजिबात नाही. मळमळ खरीच असते आणि तिला औषधच लागतं. पण एका कच्च्या वाक्यानं ही अपेक्षा तुमच्या मनात पेरली आहे आणि ती तिथे राहू नये असं मला वाटतं. पहिल्या सायकलमध्ये त्रास आटोक्यात राहिला, तर पुढच्या वेळी रुग्णालयाच्या पायरीवरच मळमळायला लागणं, जे काही रुग्णांना होतं, तेही टाळता येतं. म्हणून पहिल्या सायकलची तयारी चोख हवी.

आता आई आणि नैराश्य.

याच वाय१२९एस बदलाबद्दल झालेले अभ्यास शेजारी ठेवले की गंमत दिसते. एका अभ्यासात हा बदल असणाऱ्यांत बायपोलर आजार कमी आढळला. दुसरीकडे स्त्रियांच्या नैराश्याशी त्याचं नातं जोडलं गेलं. अहवालानं यातलं फक्त भीतीदायक तेवढं उचललं. १९९० आणि २०००च्या दशकांत एखादं जनुक संशयावरून निवडायचं, काहीशे रुग्णांत ते तपासायचं आणि नातं जाहीर करायचं, अशी पद्धत रूढ होती. सेरोटोनिनशी संबंधित जनुकं तर सगळ्यांची आवडती. मग लाखो लोकांची माहिती उपलब्ध झाली. २०१९ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीत एक मोठं विश्लेषण आलं: नैराश्याशी जोडल्या गेलेल्या १८ बहुचर्चित जनुकांची पुन्हा तपासणी केली, काही भागांत चार लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर. डोळे मिटून उचललेल्या इतर जनुकांपेक्षा या १८ जनुकांचं नैराश्याशी नातं काही वेगळं निघालं नाही. एका जनुकावरून नैराश्याचं भाकीत करणं हे तेव्हापासून टिकण्यासारखं राहिलेलं नाही. तुमच्या अहवालातलं तिसरं वाक्य त्या जुन्या पद्धतीचं आहे.

नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे मात्र खरं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो साधारण ३५ ते ४० टक्के धरला जातो, आणि आई, वडील किंवा भावंडाला हा आजार असेल तर धोका दोन ते तीन पट असतो. पण तो वाटा अतिशय बारीक परिणाम करणाऱ्या असंख्य बदलांमध्ये विखुरलेला आहे. तुमच्या आईचा आजार एचटीआर३बीमधून तुमच्याकडे आला, असं कुणालाही म्हणता येणार नाही. हा बदल तुम्हाला आईकडून मिळाला की वडिलांकडून, हेही या अहवालावरून कळत नाही. ‘मी मुलीला दिलं का’ असं तुम्ही ज्या शब्दांत विचारलंय, ते वाचून मला वाईट वाटलं. एका प्रतीत असलेला बदल मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, हे गणित आहे. त्या गणितात अपराध कुठेच नाही, आणि गेला असला तरी त्यानं तिचं काही ठरत नाही.

कुटुंबातल्या नैराश्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. कर्करोगाच्या उपचारांत मन खचणं नेहमीचं असतं, आणि डेक्सामेथासोननं काहींची झोप उडते, चिडचिड वाढते किंवा मूड घसरतो. म्हणून आईच्या आजाराबद्दल तुमच्या डॉक्टरांना सांगा. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासपणा हटेना, कशात रस वाटेना, तर केमो संपेपर्यंत वाट बघू नका. तेव्हाच मदत मागा. तुम्ही स्वतः मानसिक आजारावरचं कुठलं औषध घेत असाल तर त्याचं नाव आत्ताच सांगा, कारण ऑन्डान्सेट्रॉन आणि ओलान्झापिन देताना हृदयाच्या ठोक्यांवरचा परिणाम आणि इतर औषधांशी होणारा मेळ पाहावा लागतो.

मुलीची चाचणी करू नका. तिच्या हाती येईल ते एक असंच वाक्य, ज्यावर करण्यासारखं काही नाही आणि जे चौदाव्या वर्षी मनात घर करून राहू शकतं. तिला लगेच रडू येतं, याचं कारण मला जनुकात शोधावंसं वाटत नाही. तिच्या आईला कर्करोग झाला आहे. पुढच्या आठवड्यात काय होणार, केस कधी गळतील, शाळेतून आल्यावर घरी कोण असेल, तुम्ही अंथरुणावर असाल तेव्हा तिनं जवळ यायचं की नाही, हे तिला तुमच्या तोंडून स्पष्ट कळू द्या. या वयाची मुलं न सांगितलेल्या गोष्टी स्वतःच्या कल्पनेनं भरून काढतात, आणि त्या कल्पना बहुधा वस्तुस्थितीपेक्षा वाईट असतात. तिची झोप, जेवण किंवा शाळा बिघडायला लागली, तर मात्र समुपदेशकाकडे न्या.

आणि आता तुम्ही न विचारलेला एक जनुकीय प्रश्न. ३८व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला असेल तर बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या, बिघडल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या, जनुकांची वैद्यकीय चाचणी करावी, असं बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ती तुमच्या बाबतीत झाली आहे का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारते. घरगुती चाचणीत या जनुकांपुढे ‘काही आढळलं नाही’ असं लिहिलेलं असलं, तर त्यावर विसंबू नका; त्या चाचण्या हजारो शक्य बदलांपैकी मोजकेच पाहतात. घाबरून जाऊ नका. कमी वयात हा आजार झालेल्या बहुसंख्य बायकांमध्ये असा बदल सापडत नाही. पण सापडला तर दुसऱ्या स्तनाबद्दलचे, बीजाशयांबद्दलचे आणि पुढच्या औषधांबद्दलचे निर्णय त्यानं बदलू शकतात. हे बदल वडिलांकडूनही येतात, म्हणून जनुकीय समुपदेशकाला दोन्ही घराण्यांतल्या आजारांची माहिती द्या. मुलीच्या बाबतीत तो प्रश्न ती सज्ञान झाल्यावरचा आहे आणि तेव्हा तो तिनं ठरवायचा. एचटीआर३बीवर तुम्ही जेवढी काळजी खर्च करताय, तिचा थोडासा भाग या चौकशीकडे वळवलात तर तिचं चीज होईल.

संकोचाबद्दल. अहवाल लपवण्यात एकच धोका आहे: तुम्ही मनातल्या मनात त्यावरून निर्णय घेत राहाल आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता लागणार नाही. सगळी पानं घेऊन जायची गरज नाही. एवढंच म्हणा: “मला गरोदरपणात पाच महिने उलट्या झाल्या होत्या. एका जनुक अहवालात एचटीआर३बीमध्ये बदल आणि उलटीची शक्यता जास्त असं लिहिलंय, त्यामुळे मी घाबरले आहे. उलटीसाठी मला कोणकोणती औषधं देणार आहात आणि ती पुरली नाहीत तर पुढे काय?” या प्रश्नाला हसणारा डॉक्टर विरळा. सोबत बीआरसीएचं विचारा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या, जीवनसत्त्वांच्या आणि काढ्यांच्या सकट.

घरी दिलेल्या गोळ्या मळमळ नसली तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या. पहिला दिवस बरा गेला म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करणारे पुष्कळ जण तिसऱ्या दिवशी पस्तावतात, कारण तेव्हाची मळमळ वेगळ्या मार्गानं येते. सेट्रॉन गटातल्या औषधांनी बद्धकोष्ठ होतं आणि डोकं दुखू शकतं. बद्धकोष्ठ होतं ते आतड्यातल्या त्याच ५-एचटी३ रिसेप्टरांना अडवल्यामुळे. त्यासाठी आधीच औषध मागून ठेवा. ओलान्झापिननं झोप येते, म्हणून ते सहसा रात्री देतात.

पहिल्या सायकलनंतर पाच दिवस एका वहीत लिहून ठेवा: कधी मळमळलं, किती वेळा उलटी झाली, कुठली गोळी कधी घेतली. दुसऱ्या सायकलच्या आधी ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. औषधं बदलायची की नाहीत हे ठरवायला तुमच्या शरीराचा तो जबाब लाळेच्या अहवालापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल, आणि बदलायला पर्याय खरोखर आहेत. दिवसभर पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, लघवी फार कमी होत असेल, उभं राहताना चक्कर येत असेल किंवा ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला, तर सकाळ होण्याची वाट न बघता रुग्णालयात फोन करा. तो क्रमांक केमोच्या आधीच मागून घ्या आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा, मुलीच्याही.